वॉरंटी व्हॉइड... मग पुढे काय?

इंजिनिअरिंगला आल्यापासून आपण काय काय उघडून पाहिलं? घरचा बंद पडलेला मिक्सर, बाबांचा जुना मोबाईल, हॉस्टेलवरचा पीसी, आणि थर्ड सेमला एकदा फंक्शन जनरेटर (तोही फ्यूज उडाला म्हणून!). पण लॅबच्या कोपऱ्यात बसलेला तो करड्या रंगाचा, हिरवट-निळे आकडे दाखवणारा बेंच मल्टिमीटर? त्याला हात लावायची कुणाची टाप आहे? मागच्या स्क्रूवर चांदीसारखा चकचकीत स्टिकर असतो. तो फाटला की वॉरंटी गेली. शिवाय आपलं ठरलेलं प्रॅक्टिकल : रीडिंग घ्या, जर्नलमध्ये लिहा, सही घ्या, पळा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा मीटर उघडावा, आणि गरज असेल तर त्यात बदलही करावेत. फक्त कोणता बदल मीटरचा जीव वाचवतो आणि कोणता बदल त्याला खोटं बोलायला शिकवतो, हे आधी कळावं. आपल्याकडे सध्या दोन पंथ आहेत. एक 'हात लावू नका' पंथ आणि दुसरा 'हॅक करून टाक ना यार' पंथ. पहिल्यात सर लोक जास्त, दुसऱ्यात आपण. आणि या दोन्ही पंथांना हा फरक माहीत नाही, असं माझं (थोडं उद्धट) मत आहे.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी आधी ओळख. हातातला पिवळा मीटर साधारण साडेतीन डिजिटचा, म्हणजे १९९९पर्यंत मोजणारा. साडेसहा डिजिटचा बेंच मीटर दहा व्होल्टच्या रेंजवर दहा मायक्रोव्होल्टचा फरक दाखवतो. १९९१ साली आलेला एचपी ३४४०१ए हा या जातीतला सगळ्यात ओळखीचा चेहरा. त्याच्या दारावरची पाटी दोनदा बदलली, १९९९मध्ये एजिलंट आणि २०१४मध्ये कीसाइट. त्याचा थोरला भाऊ म्हणजे १९८९चा ३४५८ए. साडेआठ डिजिट! नवा घ्यायचा तर किंमत दहा लाखांच्या पलीकडे, त्यामुळे आपण त्याला फोटोतच बघायचं.

पण आकडे दाखवणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. मीटरच्या आत संदर्भ व्होल्टेज देणारी एक चिप असते. ३४४०१एमध्ये एलएम३९९, ३४५८एमध्ये एलटीझेड१०००ए. ही चिप साधारण सात व्होल्ट देते. 'साधारण' हा शब्द महत्त्वाचा, कारण प्रत्येक चिपचे सात व्होल्ट वेगळे! मग कॅलिब्रेशन लॅबमध्ये मीटरला एक पक्कं माहीत असलेलं व्होल्टेज देतात आणि 'तू जे मोजतोस त्याला इतक्याने गुण, म्हणजे खरं उत्तर येईल' असे गुणक त्याच्या मेमरीत लिहून ठेवतात. किराणा दुकानातल्या तराजूवर वजन-माप खात्याचा शिक्का असतो ना, तसंच हे. फरक एवढाच की इथला शिक्का पितळेवर नसून मेमरीच्या चिपमध्ये आहे.

आणि गोम नेमकी इथेच आहे.

३४५८एमध्ये हे गुणक डॅलस कंपनीच्या एका चिपमध्ये राहतात. आत साधी रॅम, तिच्याच पोटात लिथियमचा सेल, वरून सगळं प्लास्टिकमध्ये ओतून बंद. डेटाशीट दहा वर्षांची हमी देतं. व्यवहारात त्याहून जास्त टिकते, पण अमर कुणीच नाही. १९८०च्या दशकातला साडेपाच डिजिटचा एचपी ३४७८ए जुन्या बाजारात स्वस्तात दिसतो, त्यात तर बोर्डावर सोल्डर केलेला तीन व्होल्टचा सेल दिसतोच. सेल संपला की मीटर चालू होतो खरा, पण आपण कोण आहोत हेच विसरलेला. मग त्याचा प्रत्येक आकडा निरर्थक. 'हात लावू नका' पंथाने मीटर जपला म्हणजे काय केलं? स्टिकर शाबूत ठेवला आणि सेल आतल्या आत मरू दिला!

यावरचा इलाज जगभरचे हौशी लोक आणि दुरुस्ती करणारे कित्येक वर्षं करत आलेत. मीटर जिवंत असतानाच जीपीआयबी केबल लावून मेमरीतले सगळे गुणक कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. दोनदा उतरवायचे आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहायचं. मग जुनी चिप काढायची, तिथे सॉकेट बसवायचं, नव्या चिपमध्ये तोच डेटा लिहून ती लावायची. काही जण डॅलसऐवजी एफरॅम वापरतात, तिला सेल लागतच नाही. ऐकायला छान वाटतं, पण एक मेख आहे. एफरॅमला प्रत्येक वाचनासाठी चिप-इनेबलची पिन वर-खाली व्हावी लागते. साध्या रॅमला ती खाली धरून नुसता ॲड्रेस बदलला तरी चालतं. मीटरचं सर्किट दुसऱ्या पद्धतीने चालणारं असेल तर एफरॅम गप्प बसते, नाहीतर भलतंच सांगते. म्हणजे पिना जुळल्या म्हणून चिप जुळली असं होत नाही, टायमिंग डायग्राम बघावी लागते. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात दहा मार्कांसाठी आपण जी डायग्राम पाठ करतो ना, तीच! ती कशासाठी असते हे एका मीटरने जितकं कळेल तितकं चार सेमिस्टरमध्ये कळत नाही.

याला हॅकिंग म्हणणं म्हणजे पेसमेकर बदलण्याला हॅकिंग म्हणणं झालं. कोरडे पडलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलणं, कुरकुरणारा पंखा बदलणं, मेन्सच्या फिल्टरमधले तडे गेलेले कागदी कपॅसिटर काढणं (दमट हवा त्या तड्यांतून आत शिरते आणि एक दिवस लॅबभर धूर) हे सगळं याच खात्यात. या बदलांनी मीटरचं म्हणणं बदलत नाही. तो जे आधी म्हणत होता तेच पुढेही म्हणू शकतो, एवढंच.

आता दुसरं खातं. इथे मला डहाणूला यावं लागेल, कारण मी मसोलीची.

आमच्या तिथे एक काका टेंपरेचर कंट्रोलर आणि पॅनेलचे बोर्ड दुरुस्त करतात. बोईसरच्या, म्हणजे तारापूर एमआयडीसीच्या कारखान्यांतून त्यांच्याकडे काम येतं. डिग्री नाही, पण हात असा की आपल्यातल्या निम्म्यांनी जाऊन शिकवणी लावावी. त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना बेंच मीटर आणला, विरारला गाडी बदलून, सगळा प्रवास मांडीवर ठेवून. पुढची सॉकेटं झिजली होती, म्हणून त्यांनी ती काढून दुकानात मिळाली ती पितळी, वरून मुलामा दिलेली सॉकेटं बसवली. काम इतकं सफाईदार की मूळचं वाटावं.

मी विचारलं, "काका, हा शेवटचा कॅलिब्रेट कधी झाला?"

"अगं, आकडा हलत नाही ना? मग झालं तर!"

मी तांब्याच्या स्वच्छ तारेने दोन्ही सॉकेटं शॉर्ट केली आणि मीटर सर्वांत लहान रेंजवर ठेवला. शून्य यायला हवं. आलंही, जवळजवळ. मग एका सॉकेटला मिनिटभर बोट लावून ठेवलं. शेवटचे आकडे नाचायला लागले. बोट काढलं, टेबल फॅन लावला, तर उलट दिशेने नाचले. काका दोन मिनिटं नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "हे तर थर्मोकपलच झालं की गं!"

बरोब्बर! दोन वेगळे धातू जोडले आणि त्यांच्या तापमानात फरक पडला की व्होल्टेज तयार होतं. स्वच्छ तांब्याला तांबं जोडलं तर दर अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टहून कमी. तांबं आणि नेहमीचं टिन-लेड सोल्डर, एक ते तीन. पण तांबं आणि काळवंडलेलं तांबं, म्हणजे त्याचं ऑक्साइड? हजार मायक्रोव्होल्टपर्यंत! आमच्याकडे समुद्राची खारी हवा. तांब्याची तार उघडी ठेवली की थोड्या दिवसांत काळी. आता हिशोब बघा. के टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे मीटर ४१० मायक्रोव्होल्टने चुकला तर टेंपरेचर कंट्रोलर दहा अंशांनी चुकीचा सेट होऊन कारखान्यात परत जाणार, आणि तिथे तो एखाद्या रिॲक्टरवर बसणार. त्या रिॲक्टरशेजारी उभा राहणारा माणूस आमच्याच भागातला असतो. तारापूरच्या अपघातांच्या बातम्या आम्ही पेपरात वाचायच्या आधी फोनवर ऐकतो. मीटरच्या सॉकेटमुळे अपघात होतात असं मी म्हणत नाही. पण ज्या साखळीवर ते तापमान लटकलेलं असतं तिची एक कडी त्या टेबलावर आहे, आणि ती कडी कुणीतरी बदलली याची कुठेही नोंद नाही, हे मला खटकतं. काकांनी सॉकेटं बदलली यात गैर काहीच नाही. झिजलेली ठेवण्यापेक्षा बदललेली बरी. फक्त त्या दिवसापासून तो मीटर वेगळा मीटर झाला.

मसोलीची हवा हा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगते, कारण हा मुद्दा पुस्तकात मिळत नाही. ३४५८एवरचा एक नावाजलेला बदल असा आहे. त्यातली संदर्भ चिप स्वतःच्याच छोट्या हीटरने सुमारे ९५ अंशांवर तापवलेली असते, म्हणजे बाहेरचं तापमान बदललं तरी तिला फरक पडू नये. पण चिप जितकी गरम तितकी ती लवकर म्हातारी होते, तिचं व्होल्टेज वर्षभरात जास्त सरकतं. म्हणून लोक १५ किलोओहमच्या एका रेझिस्टरला समांतर १०० किलोओहम लावतात. दोघांचे मिळून १३ किलोओहम होतात आणि हीटरचं तापमान सुमारे ३० अंशांनी उतरतं, ६५च्या आसपास येतं. एका रेझिस्टरमध्ये मीटर आधीपेक्षा स्थिर! युरोपातल्या तेवीस अंशांच्या खोलीत हा बदल झकास आहे.

आता हाच मीटर मे महिन्यात मसोलीत आणा. खोलीत ३६ अंश धरू. मीटर स्वतः तापतो, म्हणजे आत सुमारे १४ अंश जास्त, झाले ५०. चिपमधल्या झेनरमधून सात व्होल्टवर चार मिलिअँपियर जातात, म्हणजे २८ मिलिवॉट. ए प्रकारच्या चिपला एका वॉटमागे ४०० अंश असा हिशोब असतो, म्हणजे आणखी ११. झाले ६१, आणि हीटर अजून सुरूही झालेला नाही! ६५पर्यंत उरले फक्त चार अंश. एखाद्या दिवशी पारा ४०ला टेकला की हीटरला करायला काही कामच उरत नाही, आणि ज्या स्थिरतेसाठी हा सगळा खटाटोप केला तीच गायब. म्हणजे जो बदल तिकडे सुधारणा, तोच इकडे बिघाड. दुसऱ्याची कृती जशीच्या तशी उतरवणाऱ्यांनी (सबमिशनच्या आदल्या रात्रीचे आपण सगळे) हे लक्षात ठेवावं.

साध्या ३४४०१एचंही तेच. त्याची दहा व्होल्टच्या रेंजवरची वर्षभराची अचूकता रीडिंगच्या दहा लाखांत ३५ भाग, वर रेंजचे ५ भाग. पण ही हमी १८ ते २८ अंशांपुरतीच. त्याबाहेर दर अंशाला रीडिंगचे आणखी ५ भाग मिळवायचे. ३६ अंश म्हणजे आठ अंश बाहेर, म्हणजे ४० भाग. वर्षभराच्या चुकीपेक्षा दुपारची चूक मोठी! शिवाय आर्द्रतेची मर्यादा ८० टक्के, आणि पावसाळ्यात आमच्याकडे तेवढी सकाळी उठल्या उठल्या असते. मीटर उघडून सोल्डर केलं, फ्लक्स नीट पुसला नाही, बोर्डाला बोटं लागली, की त्या दमट हवेत बोर्डावरूनच करंट गळायला लागतो. गळती एक गिगाओहमची असेल आणि मोजायच्या सर्किटचा रेझिस्टन्स १०० किलोओहम असेल, तर दहा लाखांत १०० भाग गेलेच. मसोलीत मीटरमध्ये करण्यासारखा पहिला बदल म्हणजे खोली : एक एसी, एक डीह्युमिडिफायर. आणि एसी चालायला वीज. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या थर्मल स्टेशनची वीज आधी मुंबईच्या उपनगरांसाठी म्हणून उभारलेली, आमच्या खोलीत ट्यूब कधी कधी अजून फडफडते. असो, तो वेगळा लेख होईल.

आता फर्मवेअर. इथे 'हॅक करून टाक' पंथाचे डोळे चमकतात. २०१०च्या सुमाराची रायगॉल डीएस१०५२ई ऑसिलोस्कोपची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. स्कोप ५० मेगाहर्ट्झचा, पण आतलं हार्डवेअर १०० मेगाहर्ट्झच्या महागड्या मॉडेलचंच. फर्मवेअरमधला मॉडेल नंबर बदलला की स्वस्त स्कोप महाग झाला! आजच्या बेंच मीटरमध्येही काही सोयी आधीपासून आत असतात आणि लायसन्स-की टाकली की उघडतात. यावर आपल्या कॅन्टीनमध्ये दोन तास वाद होऊ शकतो : ही चोरी आहे की नाही?

माझं मत विचाराल तर हा भाव-ताव आहे. वस्तू मी घेतली, आत जे आहे ते माझ्या टेबलावर आहे. कंपनीने कुलूप लावलं आणि कुणी ते उघडलं, तर फार तर करार मोडला. (कायदा काय म्हणतो ते वकिलांना विचारा. आणि उघडलेली सोय कंपनीने त्या नगावर तपासलेली नसू शकते, हेही ध्यानात ठेवा.) पण त्यामुळे मीटर खोटं बोलत नाही.

खोटं बोलायला लावणारा बदल याहून कितीतरी सोपा आहे आणि त्याला कुणी नावंसुद्धा ठेवत नाही. तो म्हणजे गुणकांनाच हात घालणं. जुन्या मीटरमधली मेमरी कॉम्प्युटरवर उतरवता येते, म्हणजे ती बदलून परतही लिहिता येते. नाहीतर सरळ कॅलिब्रेशनचा मेनू वापरायचा. एचपीच्या काळातल्या ३४४०१एचा कारखान्यातून येणारा सिक्युरिटी कोड मॅन्युअलमध्येच छापलेला आहे : एचपी०३४४०१. बदललेला कोड विसरलात तर झाकण काढून बोर्डावरचे दोन पॅड शॉर्ट करायचे, हेही मॅन्युअलच सांगतं. मग सेकंडहँड बाजारात काय होतं? काही शे रुपयांचं एडी५८४ चिपचं 'दहा व्होल्ट रेफरन्स' मॉड्यूल घेतात, त्यावर मीटर जुळवतात आणि 'कॅलिब्रेटेड' असा स्टिकर मारून विकायला ठेवतात. त्या मॉड्यूलवर जे व्होल्टेज लिहिलेलं असतं ते पुष्कळदा कुणाच्या तरी ३४४०१एने मोजलेलं असतं! म्हणजे मास्तरांचा पेपर विद्यार्थ्याने तपासायचा, आणि त्या विद्यार्थ्याला शिकवलं कुणी, तर दुसऱ्या एका मास्तरांनी, ज्यांचा पत्ता माहीत नाही. त्यात एडी५८४ची साधी जे ग्रेड दर अंशाला दहा लाखांत ३० भागांपर्यंत सरकू शकते. सकाळ ते दुपार दहा अंश चढले तर ३०० भाग. आणि यावर जुळवायचा कोण, तर ३५ भागांची हमी असलेला मीटर! उंची वाढली की नाही ते रबराच्या टेपने मोजायचं, तसं हे.

लायसन्स उघडणाऱ्याला आपण चोर म्हणतो आणि खोटा 'कॅलिब्रेटेड' स्टिकर लावणाऱ्याला हुशार विक्रेता. मला हे नेमकं उलट हवं आहे. पहिल्याने कंपनीचे काही पैसे बुडतील. दुसऱ्याने त्या मीटरवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाचं मोजमाप बुडतं आणि त्यांना ते कळतही नाही.

गंमत म्हणजे यावरचा उपाय जुन्या इंजिनिअर्सनी मीटरमध्येच ठेवून दिलाय. ३४४०१एच्या आत कॅलिब्रेशन काउंट नावाचा आकडा असतो. एकेका कॅलिब्रेशनच्या पायरीला तो वाढतो आणि वापरणाऱ्याला तो मागे नेता येत नाही. मीटर हातात आला की पहिल्या दिवशी तो वहीत लिहून ठेवायचा. पुढे कधी वाढलेला दिसला तर आपल्या मागे कुणीतरी गुणकांना हात लावलाय हे नक्की. शिवाय चाळीस अक्षरांचा एक संदेश साठवायची सोयही आहे : कॅलिब्रेशन कधी केलं, कुणी केलं, पुढचं कधी. म्हणजे कंपनीने म्हटलं, उघडायचं तर उघडा बाबांनो, पण खूण राहील. स्टिकर फक्त उघडल्याचं सांगतो आणि नवा मिळाला की तेही सांगत नाही. काउंट सांगतो की आतलं म्हणणं बदललं. दोन्हींतला फरक तुम्हीच बघा.

हे सगळं कळायला मॅन्युअल हवं. जुन्या पिढीच्या या मीटरांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट डायग्राम छापलेल्या असत. एका मॅन्युअलवर दोन सेमिस्टरचा ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्स शिकवता येईल इतकं त्यात आहे. नव्या पिढीच्या बहुतेक मीटरांत बोर्ड बदला आणि आम्हाला पाठवा, एवढंच. आपल्या सरकारने जुलै २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबर २०२२मध्ये पोर्टलही सुरू झालं. त्यात चार क्षेत्रं निवडली : शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि गाड्या. प्रयोगशाळेतली उपकरणं वेगळं क्षेत्र म्हणून कुठेच नाहीत. ज्या उपकरणाने बाकी सगळ्यांची दुरुस्ती करायची त्याच्याच दुरुस्तीचा हक्क यादीत नसावा?

बरं, कॅलिब्रेशन करून घ्यायला परदेशी जावं लागतं असंही नाही. चुनाभट्टीला आयडेमी आहे, विद्युत मापन उपकरणांच्या डिझाइनसाठीच १९६९मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था. अंधेरीच्या एमआयडीसीत ईआरटीएल आहे. डहाणूहून पहाटेच्या गाडीने निघालं तर मीटर देऊन संध्याकाळी परत येता येतं. मल्टिमीटर तर नाशिकलाच बनतात, मोटवाने आणि ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स दोन्ही तिथल्याच. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली मनालीला जाऊन बर्फात फोटो काढण्यापेक्षा (मीही त्या फोटोत आहे, मान्य!) एकदा नाशिकला जाऊन मीटर कसा जुळवतात ते पाहिलं तर जर्नलमध्ये 'पर्सेंटेज एरर' लिहिताना हात जरा थबकेल.

आता आपल्या कॉलेजकडे वळते. लॅबच्या मागच्या खोलीत डेडस्टॉकचं कपाट आहे. त्यात निदान तीन बेंच मीटर आहेत, एकाचा डिस्प्ले अंधुक, एक चालूच होत नाही, आणि एक एरर दाखवतो म्हणून 'नादुरुस्त' शेरा मारून ठेवलेला. तो एरर मेमरीच्या सेलचा असण्याची दाट शक्यता आहे. तीनही मीटर पुढच्या राइट-ऑफमध्ये भंगारात जाणार, म्हणजे कुर्ल्याच्या नाहीतर कुठल्या तरी गोदामात वजनावर विकले जाणार. त्यांची वॉरंटी आपल्यातले बरेच जण शाळेत असतानाच संपलीय. मग तो स्टिकर नेमकं कुणाचं रक्षण करतोय?

माझी मागणी मोठी नाही. हे तीन मीटर भंगारात न टाकता टीई आणि बीईच्या मुलामुलींना उघडायला द्यावेत. प्रत्येक मीटरला एक वही : कुणी उघडला, कधी, आत काय होतं, काय बदललं, काढलेला भाग कुठे आहे. ज्याची मेमरी जिवंत आहे त्याचे गुणक आधी दोनदा उतरवायचे, मगच स्क्रूड्रायव्हर. आणि दुरुस्त झाला तरी आयडेमीतून किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबमधून कॅलिब्रेशन होईपर्यंत त्यावर लाल अक्षरात पट्टी : 'उघडलेला आहे, शिकण्यासाठी चालेल, मोजण्यासाठी नाही.' लॅब असिस्टंट दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मला चालेल, पण रजिस्टरवर सही कोण करणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून विभागप्रमुखांच्या नावाने अर्ज लिहिलाय आणि त्यात जबाबदारी म्हणून पाच विद्यार्थ्यांची नावं द्यायची जागा ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे, चार जागा रिकाम्या आहेत. अर्ज मेजरमेंट लॅबमध्ये, जर्नल ठेवायच्या रॅकवर आहे. टॉर्क्सचा स्क्रूड्रायव्हर ज्याच्याकडे असेल त्याने येताना आणावा, कॉलेजकडे नाहीये.